घास, घोट आणि विवेक

‘सुरतनुं जमण अने काशीनुं मरण’ ही म्हण दक्षिण गुजरातेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांना नव्याने सांगावयास नको. सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण ज्याला लाभले तो भाग्यवान, असा तिचा सरळ अर्थ. परंतु थोडे थांबून विचार केला म्हणजे तिच्यातील धाडस ध्यानात येते. मोक्ष देणाऱ्या मृत्यूच्या शेजारी, त्याच पंक्तीला, लोकांनी चवीचा पाट मांडला आहे. जिभेचे सुख ही क्षुद्र गोष्ट आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी ही म्हण घडविली नसती. आणि तरीही याच गुजरातेने चवीवर विजय मिळविण्याचे व्रत साऱ्या देशाला शिकविले. या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी आपणां सामान्य संसारी माणसांचे रोजचे ताट वाढलेले असते. चवीची जोपासना कोठवर योग्य, आणि कोठून पुढे ती आत्मवंचना होते, हा प्रश्न म्हणूनच आम्हांस जुना असूनही अद्याप अनिर्णित वाटतो.

अलीकडे हा प्रश्न एका नव्या वेषात आपल्या घरी येऊ लागला आहे. सचिन, उधना, नवसारी या पट्ट्यातील मराठी घरांची मुले शिक्षणासाठी व नोकरीसाठी पुण्या-मुंबईस राहतात. २००९ साली पुण्यात ‘डूलाली’ ही महाराष्ट्रातील पहिली मायक्रोब्रुअरी सुरू झाली, आणि गेल्या पंधरा-सोळा वर्षांत जागच्या जागी थोड्या प्रमाणात गाळलेली ‘क्राफ्ट बिअर’ देणारी उपाहारगृहे तेथील नागर जीवनाचा भाग झाली. त्यांपैकी काही ठिकाणी खाद्यपदार्थांच्या यादीत प्रत्येक पदार्थासमोर त्याच्याशी जुळणारी बिअर छापलेली असते. मासळीबरोबर अमुक, मसालेदार मटणाबरोबर तमुक, आणि शेवटच्या गोड पदार्थाबरोबर तिसरीच. सुटीत घरी आलेली तरुण मंडळी या जोडणीविषयी बोलतात, तेव्हा त्यांचा सूर व्यसनाधीन माणसाचा नसून एखाद्या रागाच्या मांडणीविषयी बोलणाऱ्या श्रोत्याचा असतो.

वडीलधाऱ्यांची प्रतिक्रिया बहुधा दोनच प्रकारची असते. ‘दारू ती दारू, तिला कसली आली आहे रसिकता,’ असे काही म्हणतात. ‘काळ बदलला, आपण कोण सांगणार,’ असे इतर म्हणतात. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे विचार टाळणारी आहेत. पहिल्यात चवीचा प्रश्न मद्याच्या प्रश्नात बुडून जातो, तर दुसऱ्यात मद्याचा प्रश्न चवीच्या आड दडतो. दोन्ही प्रश्न वेगळे करून पाहिले तरच काही हाती लागेल.

प्रथम या जोडणीच्या विद्येत आहे तरी काय, ते पाहू. तिचे नियम फार गूढ नाहीत. कधी सारख्याला सारखे जोडावयाचे, कधी विरुद्धाला विरुद्ध, आणि कधी एकाने दुसऱ्याचा जडपणा कापावयाचा. भाजलेल्या जवापासून केलेली काळसर ‘स्टाउट’ बिअर चॉकलेटच्या गोड पदार्थाबरोबर देतात, कारण भाजण्याच्या ज्या क्रियेतून कोकोला आणि कॉफीला कडवट-खरपूस गंध येतो, तीच क्रिया त्या जवातही घडलेली असते. गव्हाच्या जर्मन पद्धतीच्या बिअरमध्ये किण्वामुळे जे सुगंधी द्रव्य तयार होते, तेच पिकल्या केळ्यात असते. जोडीला लवंगेची आठवण करून देणारा गंधही असतो. म्हणून नारळाच्या रसातल्या सौम्य मासळीशी तिचे सख्य जमते. तळलेल्या बोंबलाचा तेलकटपणा बुडबुड्यांनी आणि आंबटपणाने कापला जातो. हे ओळखून कोकम व मीठ घातलेली आंबट बिअरही पुण्यात तयार झाली आहे. याउलट हॉप्स या वनस्पतीच्या फुलोऱ्याने कडू केलेली बिअर मिरचीच्या ठेच्याबरोबर घेतली तर दाह शमत नाही, उलट वाढतो. मिरचीच्या दाहावर खरा उतारा दुधातुपाचा आहे, आणि तेथे ताकाच्या वाटीपुढे बिअरचा पेला हरतो.

हे वाचताना आपल्यापैकी अनेकांच्या मनात एक शंका उभी राहिली असेल. हे सारे आपणांस ओळखीचे का वाटते? कारण हीच विद्या आपल्या स्वयंपाकघरात मद्याच्या थेंबावाचून नांदत आली आहे. मराठी लग्नाच्या पंगतीत जिलबीबरोबर मठ्ठा का वाढतात? पाकाने जड झालेली जीभ आले, कोथिंबीर आणि मिठाच्या आंबट ताकाने धुतली जाते, आणि पुढची जिलबी पहिलीसारखी लागते. पुरणपोळीसोबत कटाची आमटी येते. ज्या डाळीचे पुरण तिचाच कट, म्हणजे साम्यही आहे आणि गोडाला तिखट-आंबटाचा विरोधही. कोकणात मासळीनंतर सोलकढी, आमरसात सुंठ आणि तूप, ही सगळी जोडणीच आहे. आपण जेथे वाढलो त्या सुरतेकडे पाहावे. थंडीत तापीकाठी कोवळ्या ज्वारीचा पोंक येतो, तेव्हा त्याच्याबरोबर लिंबू-मिऱ्याची शेव असावीच लागते. पोंक गोडसर आणि मऊ, शेव आंबट-तिखट आणि कुरकुरीत. खानदेशातून आलेल्या आपल्या आजोबा-पणजोबांनी हुरड्याबरोबर लसणाची चटणी खाल्ली होती, ती याच न्यायाने. शरद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, चांदनी पडव्याला, सुरतकर घारी खातात. मावा आणि तुपाने भरलेल्या त्या घारीनंतर कोऱ्या कॉफीचा एक कडवट घोट घेऊन पाहावा. स्टाउट जे काम चॉकलेटपाशी करते, तेच काम ती कॉफी येथे करील.

तेव्हा जोडणीची विद्या ही मद्याची कन्या नव्हे. ती संबंध ओळखण्याची विद्या आहे. नाट्यशास्त्रात रसाची कल्पना समजावून देताना भरतमुनींनी दाखला घेतला तो भोजनाचाच. नाना व्यंजने, औषधी आणि द्रव्ये यांच्या संयोगाने जसा चवीचा रस निर्माण होतो, तसा भावांच्या संयोगाने नाट्याचा रस, असे ते सांगतात. आणि तो रस चाखणाऱ्याला ते ‘सुमनस’, म्हणजे प्रसन्न चित्ताचा, म्हणतात. चव चाखण्यासाठी जीभ पुरत नाही, चित्तही जागेवर असावे लागते, हा त्या शब्दातील आशय आपल्या पुढील विवेचनाला फार उपयोगी आहे.

आंबविण्याच्या क्रियेविषयीही असाच एक गैरसमज आहे. आंबणे म्हणजे मद्य आणि मद्य म्हणजे पाप, अशी साखळी मनात बसलेली असते. वस्तुतः ढोकळा, इडली, ज्वारी-नाचणीची आंबील ही सर्व किण्वाचीच लेकरे. सुरतेत डच वखारीच्या पाठीमागे राहिलेली पावभट्टी डोटीवाला या पारशी कुटुंबाने चालविली. त्या पावाचे पीठ ताडीने आंबवीत, म्हणून स्थानिक लोक तो घेत नसत; पुढे ताडी आणि अंडी वगळून स्थानिक चवीची खुसखुशीत बिस्किटे निघाली, आणि नानखटाईचा उगम त्यातून झाला, असे सुरतेत सांगतात. आयुर्वेदातील आसवे व अरिष्टे तर स्वतःच आंबून सिद्ध होतात आणि त्यांत मद्यार्क असतो. शिंदीचा रस पहाटे उतरविला तर नीरा. तोच ऊन चढेपर्यंत तसाच ठेवला तर ताडी. निसर्गाने अन्न आणि मद्य यांच्यामध्ये कुंपण घातलेले नाही. ते माणसाने घातले आहे.

परंतु माणसाने घातलेले कुंपण खोटे असते, असा निष्कर्ष येथून काढणे घाईचे ठरेल. दिवस आणि रात्र यांमध्येही निसर्गाने रेघ ओढलेली नाही. तरी म्हणून दिवस आणि रात्र एक होत नाहीत. आपल्या पूर्वजांना हे चांगले ठाऊक होते. मनुस्मृतीने गौडी, पैष्टी आणि माध्वी असे सुरेचे तीन प्रकार सांगितले. त्यांतील पिठापासून होणारी पैष्टी ही आजच्या बिअरच्या कुळातली. सुरापानाची गणना महापातकांत करणाऱ्या त्याच ग्रंथात, मद्याकडे प्राण्यांची स्वाभाविक प्रवृत्ती असते, निवृत्ती मात्र महाफल देणारी आहे, अशी समजूतदार भूमिकाही आढळते. कौटिल्याने वेगळी वाट धरली. अर्थशास्त्रात ‘सुराध्यक्ष’ या अधिकाऱ्यावर स्वतंत्र अध्याय आहे. पानगृहांत निरनिराळ्या खोल्या, आसने, गंध, माळा आणि पाणी असावे, ऋतूप्रमाणे सुखसोयी असाव्यात, उत्सव-यात्रांसाठी गृहस्थांना चार दिवस सुरा करण्याची मुभा असावी, असे बारीक नियम त्यात आहेत. म्हणजे ज्याला आज आपण रुचिसंपन्न वातावरण म्हणतो त्याची काळजी राज्याने तेव्हाही घेतली होती, आणि शेजारी पहाराही ठेवला होता.

तथापि आमच्या मनावर सर्वांत खोल ठसा उमटविते ती महाभारतातील मौसलपर्वाची कथा. ती घडते आपल्याच गुजरातेत. द्वारकेत मद्य गाळण्यास बंदी करणारी दवंडी पिटली गेली होती, आणि तीही कृष्ण-बलरामांच्या नावाने. तरी यादव प्रभासक्षेत्री यात्रेला गेले, तेथे मद्यपान झाले, आणि ब्राह्मणांसाठी सिद्ध केलेले अन्न मद्य मिसळून वानरांना घालण्यात आले. त्यानंतरचा कुलक्षय सर्वश्रुत आहे. अन्न आणि मद्य यांची ही जोडणी आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. ज्याच्यासाठी रांधले त्या अतिथीचा मान त्यात उरला नाही, आणि पिणाऱ्यांना स्वतःच्या चेष्टेपलीकडे काही दिसेनासे झाले. सर्वनाश शस्त्रांनी केला हे खरे. परंतु पानात वाढलेल्या अन्नाचा अपमान झाला तेव्हाच त्याची चाहूल लागली होती.

आता चवीच्या बाजूने जे उत्तम बोलता येईल ते बोलू. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७५७ साली अभिरुचीच्या निकषावर एक निबंध लिहिला. त्यात त्याने डॉन किहोटेतील एक गोष्ट घेतली आहे. सँचोच्या दोन आप्तांना पिंपातील द्राक्षमद्य चाखावयास दिले. एक म्हणाला, उत्तम आहे, पण किंचित चामड्याची चव येते. दुसरा म्हणाला, किंचित लोखंडाची. लोक हसले. पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली जुनी किल्ली सापडली. ह्यूमला सांगावयाचे आहे ते असे, की रुची ही निव्वळ लहर नसून तिच्यामागे वस्तूत खरोखर असलेले गुण ओळखण्याची सूक्ष्मता असते, आणि ती अभ्यासाने वाढते. अभिरुची म्हणजे अवधान. जो लक्ष देऊन चाखतो तो अधीरपणे गिळत नाही.

येथे जोडणीच्या बाजूचा सर्वांत बळकट युक्तिवाद सापडतो. मद्याचा स्वभाव असा, की ते ज्या इंद्रियांनी चाखावयाचे त्यांनाच बोथट करते. म्हणून द्राक्षमद्याचे परीक्षक चाखलेला घोट गिळत नाहीत, थुंकून टाकतात. आणि बिअरचे परीक्षकही लहान पेल्यातून थोडे थोडे घेतात. ज्याला पाचव्या पेल्यात केळ्याचा गंध शोधावयाचा आहे त्याला तो सापडणार नाही, कारण शोधणारा जागेवर नसतो. म्हणजे चव खरोखरच हवी असेल तर मर्यादा बाहेरून लादावी लागत नाही. ती चवीच्या पोटातच असते. जोडणीत आणखी एक गोष्ट घडते. पेय पदार्थाच्या साथीला येते. गवयाच्या मागे बसलेल्या तबलजीने मैफल आपल्या हाती घेतली तर ती बिघडते, हे संगीत ऐकणाऱ्यांना ठाऊक आहे. घोट घासाला साथ देतो तोवर भोजन; घोट पुढे बसला आणि घास ‘चखना’ झाला, की ते भोजन राहत नाही. या कसोटीवर, चार जणांनी जेवणाबरोबर एकेक पेला घेऊन त्याविषयी बोलणे आणि अंधाऱ्या कोपऱ्यात उभ्याने पेला रिता करणे, ही एकाच नावाची दोन कृत्ये आहेत, हे आम्ही मान्य करतो.

परंतु हा युक्तिवाद जेवढा सुंदर तेवढाच निसरडा आहे. मर्यादा चवीच्या पोटात आहे, हे चवीविषयी खरे असेल. चाखणाऱ्या माणसाविषयी ते खरे असेलच असे नाही. यकृताला रसिकता कळत नाही. मद्यार्काची गणना कर्करोगकारक द्रव्यांच्या पहिल्या वर्गात १९८८ सालीच झालेली आहे, आणि मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. पेला मातीचा असो की काचेचा, त्यातील द्रव्य एकच. शिवाय सुसंस्कृत शब्दांची एक मोठी अडचण अशी, की ते आपल्या दुबळेपणाला अंगरखा शिवून देतात. ‘आज पिऊ या’ असे म्हणताना ज्याला संकोच वाटला असता, तो ‘आज एक नवी जोडणी चाखू या’ असे निःसंकोच म्हणू शकतो. गुटख्याला कोणी असा अंगरखा शिवला नाही. म्हणून त्याचे व्यसन उघडे पडले. ज्याचे व्यसन नटलेले असते, त्याला ते ओळखण्यास उशीर होतो.

दुसऱ्या टोकाला गांधीजींचे अस्वादव्रत उभे आहे. १९१५ साली अहमदाबादेत कोचरब येथे आश्रम स्थापन झाला तेव्हापासून ते आश्रमाच्या व्रतांत होते. आणि १९३० साली पुण्याच्या येरवडा कारागृहातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत त्यांनी त्याचा अर्थ उलगडला. अन्न औषधासारखे, शरीराला हवे तेवढे, घ्यावे. चवीसाठी घेऊ नये. ज्या पुण्यातून हे लिहिले गेले त्याच पुण्यात आज कोणत्या बिअरबरोबर कोणता पदार्थ, याच्या याद्या छापल्या जातात, हा योगायोग विचार करावयास लावणारा आहे. आम्ही अस्वादव्रती नाही. सुरतेत राहून ते व्रत पाळणे हे काशीत राहून गंगा टाळण्यासारखे आहे. परंतु त्या व्रताच्या मुळाशी असलेला प्रश्न टाळता येत नाही. चव ही आपल्या हाती आहे, की आपण चवीच्या हाती? अस्वादाचे व्रत सर्वांना झेपणार नाही, पण हा प्रश्न अधूनमधून स्वतःस विचारणे प्रत्येकास झेपण्यासारखे आहे.

कायद्याविषयीही बोलणे प्राप्त आहे, कारण गुजरातेत राहणाऱ्याला हा विषय केवळ रुचीचा म्हणून सोडता येत नाही. मुंबई राज्याचा मद्यनिषेध कायदा १९४९ चा. बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली त्याचा गाभा कायम ठेवला, मात्र मद्यार्क असलेली औषधे व प्रसाधने त्यातून सोडविली. १ मे १९६० रोजी राज्याची दोन शकले झाली आणि दोघांनाही वारशात तोच कायदा मिळाला. गुजरातेने तो घट्ट धरला. महाराष्ट्राने साठच्या दशकापासून तो सैल करीत नेला. तापी-खोऱ्याच्या रेल्वेने खानदेशात जाताना नवापूरचे स्थानक लागते. त्याचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत आहे. एका फलाटाच्या लांबीत, जी गोष्ट परवान्याने करता येते तीच गुन्हा होते. डिसेंबर २०२३ मध्ये गांधीनगरच्या गिफ्ट सिटीत भोजनाबरोबर मद्याची मर्यादित परवानगी देण्यात आली, तेव्हापासून तर ही रेघ राज्याच्या आतही आली आहे.

यावरून काही तरुण म्हणतात, की जो नियम स्थानकाच्या मध्यावर बदलतो त्यात नीती ती काय? आयुष्य सरकारी कचेरीत गेलेल्या आम्हांस या प्रश्नाचे उत्तर सोपे वाटते. कायदा नीतीचा उगम नव्हे. तो एका समाजाने आपल्या दुबळ्या माणसांसाठी केलेला करार आहे. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ साली ‘ऑन लिबर्टी’त दारूबंदीला विरोध केला, कारण व्यक्तीच्या खाजगी निवडीत राज्याने पडू नये असे त्याचे मत होते, पण पिऊन दुसऱ्यास इजा केलेल्या माणसावर खास बंधने घालण्यास त्याचीही हरकत नव्हती. आपण मिलशी सहमत असू वा नसू, ज्या भूमीचे पाणी तीन-तीन पिढ्या प्यालो तिचा करार पाळणे हे सभ्यतेचे पहिले लक्षण आहे. त्यात बदल हवा असेल तर तो उघड मागावा. तो चोरून मोडण्यात रसिकता नाही.

आणि हा करार कोणासाठी आहे, हे पाहण्यास दूर जावे लागत नाही. १७९१ साली पेशव्यांच्या तहातून जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्याकडे आलेले सचिन आज औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. यंत्रमाग, कापड-रंगाई आणि रसायनांच्या कारखान्यांत बारा बारा तास उभा राहणारा कामगार जेव्हा ‘पोटली’ विकत घेतो, तेव्हा त्याला गव्हाच्या बिअरमधील लवंगेचा गंध नको असतो. त्याला पायांची आग विसरावयाची असते. त्याच्या घोटाबरोबर कोणता पदार्थ जुळतो, हे कोणी विचारीत नाही. मिथेनॉल मिसळलेल्या विषारी दारूने जुलै २००९ मध्ये अहमदाबादेत शंभराहून अधिक, आणि जुलै २०२२ मध्ये बोटाद परिसरात चाळिसांहून अधिक माणसे गेली. बंदी नसलेल्या मुंबईत, मालवणी येथे, जून २०१५ मध्ये शंभरावर गेली. म्हणजे बंदी असो वा नसो, मरणाऱ्याचा वर्ग तोच राहतो. एकाच कृतीला एके ठिकाणी अभिरुची आणि दुसरे ठिकाणी व्यसन म्हणणाऱ्या आपल्या भाषेकडे या आकड्यांच्या प्रकाशात पुन्हा पाहावे, असे आम्हांस वाटते.

याच भागाच्या इतिहासात आणखी एक गोष्ट आहे. १९२२ साली सुरत जिल्ह्यात आणि बडोदे संस्थानच्या सोनगड भागात आदिवासींमध्ये ‘देवी’ची चळवळ पसरली. अंगात आलेल्या देवीच्या मुखातून आज्ञा आल्या: दारू-ताडी सोडा, रोज स्नान करा, दारूविक्रेत्यांकडे कामास जाऊ नका. कर्ज, गुत्ता आणि जमीन यांच्या साखळीत सापडलेल्या त्या माणसांना मद्यत्याग ही परकी शिकवण वाटली नाही. तो त्यांना आत्मसन्मान वाटला. पुढे महाराष्ट्रात गावोगावच्या स्त्रियांनी मतदानाने ‘बाटली आडवी’ केली, तीही याच भावनेने. घरात येणारी मजुरी गुत्त्यावर जिरते तेव्हा तिच्या चवीचा हिशेब पिणाऱ्याने नव्हे, चूल पेटविणारीने दिलेला असतो. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीन चालकाच्या महागड्या मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा बळी गेला. त्याआधी तो पबमध्ये मद्य प्यायला होता, असे पोलिसांचे म्हणणे आहे. तेथेही किंमत दुसऱ्यांनीच मोजली.

एवढे सारे पाहिल्यावर निष्कर्ष काय? आमच्या मते चव ही गुन्हेगार नाही आणि ती वकीलही नाही. मद्याच्या दोषामुळे चवीची विद्या त्याज्य ठरत नाही; ती आपल्या पंगतीत मद्याविना सुखाने नांदते आहे. परंतु चवीची विद्या जोडली म्हणून मद्य निर्दोष होत नाही. कृतीची नीती तिच्या सूक्ष्मतेवर ठरत नाही. करणाऱ्याला ‘पुरे’ म्हणता येते का, आणि त्याच्या सुखाची किंमत त्याच्याखेरीज कोणी मोजतो का, या दोन प्रश्नांवर ती ठरते. ज्याला पहिल्याचे उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्याचे ‘नाही’ असे प्रामाणिकपणे देता येते, आणि ज्याच्या गावचा कायदा त्याला मुभा देतो, त्याच्या पेल्याकडे पाहून नाके मुरडण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. मात्र हे उत्तर आज दिले म्हणून उद्याही तेच राहील, याची हमी कोणाला देता येत नाही. म्हणून न घेणाऱ्याची वाट अधिक सुरक्षित आहे, हे घेणाऱ्यानेही मान्य करावे.

येथे आपल्या एका जुन्या रीतीचाही फेरविचार करावयास हवा. मराठी पंगतीचा प्राण आग्रह आहे. पानावर आडवा हात धरलेल्या पाहुण्याच्या बोटांच्या फटीतून जिलबी सोडणे हे आपण प्रेमाचे लक्षण मानतो. जिलबीच्या बाबतीत ते शोभते. पेल्याच्या बाबतीत आग्रह हा अपराध आहे. ‘एकाने काय होते’ हे वाक्य ज्या मैफलीत ऐकू येते तेथे रसिकता संपली असे समजावे, कारण ज्याला साथीची जाण आहे तो दुसऱ्याच्या ‘पुरे’चाही सूर ओळखतो.

आणि म्हणून घरातील तरुणांनी आम्हांस विचारले, तर त्यांना आम्ही एवढेच सांगू. ज्या उपाहारगृहात प्रत्येक पदार्थासमोर जुळणारी बिअर छापली आहे, तेथे न पिणाऱ्यासाठी काय छापले आहे ते पाहावे. त्याच्यापुढे नुसते पाणी आणि एखादे साखरेचे बाटलीबंद पेय ठेवले जात असेल, तर त्या जागेला चवीची नव्हे, मद्यविक्रीची काळजी आहे. आणि बोंबलासोबत कोकमाचे सार, मसालेदार रश्श्यासोबत आले घातलेला मठ्ठा, गोडासोबत कोरी कॉफी, असा विचार तितक्याच आदराने कोणी केला असेल, तर तेथील विद्या खरी आहे. सुरतेच्या जेवणाला काशीच्या मरणाशेजारी बसविणाऱ्या लोकांनी त्या जेवणात मद्याचा उल्लेख केला नाही, हे विसरता येणार नाही. आणि त्यांनी चवीची लाज बाळगली नाही, हेही.